हेमलताताईंनी देवाकडे लिफ्ट मागितली

दिल्लीतल्या द्वारका भागातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती प्रार्थनासभेत हेमलता साळवे यांच्याइतकी नेमकी प्रार्थना कोणी करत नसे. कोणाची तपासणी कधी आहे, कोणाच्या मुलाचा इंटरव्ह्यू किती वाजता, सगळं त्यांना पाठ. एका मंत्रालयात तीस वर्षं फाइली सांभाळत आलेली बाई. देवापुढेही इतरांच्या विनंत्या त्या तारीखवार मांडायच्या. स्वतःची वेळ आली की मात्र, "आमचं प्रभूला माहीत आहे," एवढं म्हणून डोळे मिटायच्या.

त्या मूळच्या नगरच्या. यजमान गुणवंतराव टपाल खात्यातून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. त्याला आता दोन वर्षं झाली. घर सहाव्या मजल्यावर, आणि त्यांच्या जिन्याला एकच लिफ्ट. तरी ताईंनी घडी बसवली होती. संध्याकाळी व्हीलचेअरवरून पार्कात, मंगळवार-शुक्रवार फिजिओथेरपीला, रविवारी उपासनेला.

मार्चमध्ये लिफ्ट बंद पडली.

आधी वाटलं, दोन दिवसांचं काम. मग सोसायटीचे सेक्रेटरी अहलावतजी म्हणाले, "मॅडम, पार्ट आना है. प्रोसेस में है." मग कमिटीत दोन तट पडले. एकाला दुरुस्ती हवी, दुसऱ्याला नवीच लिफ्ट. मीटिंग बोलावली की कोरम भरेना. अहलावतजी स्वतः पहिल्या मजल्यावर राहत. ताईंनी सात अर्ज दिले, सातही वेळा पोच घेतली. प्रत्येक वेळी उत्तर तेच, "बिल्कुल, मॅडम, हो जाएगा."

एप्रिल गेला, मे गेला. गुणवंतराव खिडकीपाशी बसून राहत. फिजिओथेरपिस्ट एकदा सहा जिने चढून आला, दुसऱ्यांदा आलाच नाही. व्यायाम सुटला, हात पुन्हा आखडला. ते जेवायला तोंड फिरवू लागले. ताई ऑफिसातून दमून यायच्या, जिने चढायच्या आणि दार उघडताच समोर तोच चेहरा. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा विचारलं की त्या म्हणायच्या, "चाललंय."

ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी प्रार्थनासभा त्यांच्या घरी ठरली. आम्ही आठ जण धापा टाकत वर पोचलो. पाळक विलास उबाळे गाझियाबादहून मेट्रोने आले होते. त्यांना तर दहा मिनिटं बोलताच येईना. गीत झालं, वाचन झालं, मग विनंत्या. मी माझ्या लेकीच्या, ममताच्या, कॅनडाच्या व्हिसासाठी प्रार्थना करायला सांगितली. कोणी प्रमोशन, कोणी मुलीचं लग्न. वहीत उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे.

"ताई, आपली काही विनंती?" पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं.

"लिफ्ट," ताई म्हणाल्या.

मला हसू आलं. आज ते आठवलं की लाज वाटते, पण आलं खरं. मी म्हटलं, "अहो ताई, लिफ्टसाठी कमिटी आहे ना! देवाकडे काय लिफ्ट मागायची?"

त्या माझ्याकडे वळल्या. "ममताच्या व्हिसासाठी एम्बसी आहे ना, प्रमोदिनी? मग तो कसा मागतेस?"

त्या थांबल्या नाहीत.

"पाच महिने मी सहनशक्ती मागतेय. शहाण्या माणसाने तेच मागावं म्हणतात ना? नाही मिळाली. काल वरणभात भरवताना यांनी तोंड फिरवलं, सगळं अंगावर सांडलं, आणि मी यांच्या हातावर मारलं. त्या लुळ्या हातावर. यांना लागलंसुद्धा नसेल. पण यांनी पाहिलं."

गुणवंतराव खाली बघत होते. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "ताई, प्रभूच्या योजनेत कधी कधी विलंब असतो."

"पाळकसाहेब, तुम्ही आता पायऱ्या उतरून घरी जाल. हे जाणार नाहीत. योजनेचं मला नका सांगू."

मग त्यांनी प्रार्थना सुरू केली. डोळे उघडे, हात मांडीवर, आवाज ऑफिसातल्या तक्रारीसारखा. "बापा, लिफ्ट चालू कर. मोठं काही मागत नाही. आणि करणार नसशील, तर का नाही ते सांग. मी सात अर्ज दिलेत त्या माणसाकडे. तुझ्याकडे हा पहिला. आमेन."

तेवढ्यात गुणवंतरावांनी ओठ वाकडे करत जोर लावला आणि शब्द काढला, "खा...ली."

आम्ही सगळेच हेलावलो. काहीतरी करायलाच हवं, असं झालं. पुढच्या रविवारी आमच्यातले चार पुरुष सकाळी आले, गुणवंतरावांना खुर्चीत बसवलं आणि उचलून जिना उतरू लागले. मी मागून उशी धरून. चौथ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलली. पडले नाहीत, पण डाव्या हाताने त्यांनी कठडा असा घट्ट धरला की सोडवेना. "नको, नको," एवढंच म्हणत राहिले. त्यांची पँट ओली झाली. शेजारची मंडळी दारं उघडून बघायला लागली. शेवटी त्यांना तसंच परत वर नेलं.

मी ताईंना म्हटलं, "निदान प्रयत्न तरी झाला. प्रभूनेच या भावांना पाठवलं."

"मी लिफ्ट मागितली होती," त्या म्हणाल्या. "चार भाऊ नाही."

त्यानंतर तीन आठवडे त्यांनी आमच्यापैकी कोणालाही घरी येऊ दिलं नाही. सभेलाही आल्या नाहीत. पाळकसाहेबांचा फोन घेतला, पण "मी ठीक आहे, सलाम," असा आमच्यातला रीतसर निरोप घेऊन ठेवून दिला. मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करायला बसायची आणि काय मागावं तेच कळायचं नाही. लिफ्ट मागायला जीभ वळायची नाही, आणि दुसरं काही मागणं खोटं वाटायचं.

सप्टेंबरच्या शेवटी लिफ्ट सुरू झाली. दोन दिवसांत! झालं असं, की अहलावतजींच्या सासूबाई खुब्याचं ऑपरेशन करून लेकीकडे येणार होत्या. पहिल्या मजल्यापर्यंत चढणंही त्यांना जमणार नव्हतं. जो पार्ट सहा महिने येत होता, तो एका फोनवर आला. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीचं अभिनंदन, फुलांची चित्रं.

मी लगेच ताईंना फोन लावला. "ताई, प्रभूने ऐकलं!"

"ऐकलं असेल, तर सासूबाई येईपर्यंत का थांबला?"

"पण आभार तर मानाल ना?"

त्या मग म्हणाल्या, "मानीन. पण हे विचारीनही."

पुढच्या शनिवारी त्या सभेला आल्या, व्हीलचेअर ढकलत. गुणवंतराव बारीक झाले होते. आखडलेला हात आता सरळ होत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मधले महिने गेले ते गेले. ताईंची पाळी आली. त्या म्हणाल्या, "बापा, लिफ्टबद्दल तुझे आभार. उशिराबद्दल मी अजून रागावलेली आहे. यांचा हात त्या उशिरात गेला. हे तुला माहीत असेलच, तरी सांगते." पाळकसाहेबांनी मान खाली घातली. या वेळी त्यांनी योजनेचं नाव काढलं नाही.

तेव्हापासून ताई दर शनिवारी स्वतःसाठी मागतात. बसमध्ये जागा, गुडघ्याला आराम, चिडचिड कमी व्हावी. काही मिळतं, बरंचसं मिळत नाही, आणि जे मिळत नाही ते त्या पुढच्या वेळी पुन्हा मागतात. गुणवंतरावांना अजून दोन-तीनच शब्द येतात. त्यांनी एकदा तरी "हेमा" म्हणावं, ही सध्याची विनंती. वहीत मी ती अकरा वेळा लिहिली आहे.