मागे वळून पाहिलं तेव्हा

त्या वर्षी गणपतीत माझं मन पूजेत नव्हतं. कारण घरातलंच होतं. कोलकात्यात लहानाचा मोठा झालेला, तेव्हा कॉलेजात जाणारा आमचा मुलगा मोदक खाता खाता म्हणाला, "आई, आपल्याकडे मासे खाणं पाप. खालच्या बंगाली काकिमांकडे माशांशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे जागा बदलली की पाप बदलतं. चांगलं-वाईट सगळं लोकांनीच ठरवलंय ना?" मी त्याला दटावून गप्प केलं खरं, पण ते बोलणं मनात सलत राहिलं. सगळं आपणच रचलेलं असेल, तर इतकी वर्षं मी हात कुणापुढे जोडत होते? आरती म्हणताना शब्द नुसते तोंडातून जात होते.

बालीगंजचं ते बँकेचं क्वार्टर आठवलं की अजून गलबलून येतं. दोनच खोल्या, पण गणपतीत शहरातली निम्मी मराठी मंडळी तिथे मावायची. खालच्या काकिमा दूर्वा आणून द्यायच्या आणि मोदकाच्या कळ्या मोडल्या की मला हसायच्या. माझे सासरे, अण्णा, आमच्याकडेच असत. ते मूळचे सांगलीचे. त्यांची स्मृती हळूहळू जात चालली होती. नातवाला ते आपल्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारत. पण आरती मात्र एक शब्द न चुकता म्हणत. आणि घराण्याचा नियमही विसरले नव्हते: विसर्जन झालं की पाटावर नदीची चिमूटभर माती घ्यायची आणि सरळ घर गाठायचं. मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं की देवाचा पाय अडतो.

दीड दिवसाचा गणपती आम्ही दुपारी गंगेवर नेला. विसर्जन झालं, माती घेतली, आणि सगळे माना ताठ करून निघालो. मी आणि मुलगा टॅक्सीत, हे मागून, आरतीला आलेल्या कुलकर्ण्यांच्या गाडीत. अण्णा त्या गाडीत आहेत असं मी धरून चालले, आणि ते टॅक्सीत आहेत असं यांना वाटलं. मागे पाहायचंच नाही म्हटल्यावर खात्री करणार कोण!

पाट मांडीवर घेऊन बसले होते. सिग्नलला टॅक्सी थांबली आणि एकाएकी वाटलं, मागे बघ. आवाज नाही, भास नाही. नुसतं वाटलं, आणि ते जाईना. मी नियमाला घट्ट धरून बसले. सासरी आल्यापासून तो कधी मोडला नव्हता. पण शेवटी राहवलं नाही आणि वळलेच. मागच्या गाडीत यांच्या शेजारची जागा रिकामी होती.

टॅक्सी घाटाकडे वळवली. परतीचा तो रस्ता मला नीट आठवतही नाही. डोळ्यांपुढे फक्त पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या येत होत्या. मनात मी एवढंच म्हणत होते, देवा, तू आहेस की नाहीस ते राहू दे, अण्णांना तेवढं सांभाळ.

अण्णा वरच्याच पायरीवर बसले होते. शेजारी एक बंगाली बाई होती, पायाशी माशांची पिशवी, आणि एका हाताने तिने अण्णांचं मनगट धरलेलं. अण्णा तिला मराठीत कृष्णेच्या पुराची गोष्ट सांगत होते आणि ती मान डोलवत होती. आम्हाला बघताच ती कडाडली, "कैसे आदमी हैं आप लोग? बूढ़ा आदमी पानी में उतर रहा था! एक बार पीछे मुड़के देखा नहीं?"

मी रडत रडत नियमाचं सांगितलं. "ठाकुर तो जल में गए," देवाला ती ठाकुर म्हणत होती, "बाबा तो घाट पर थे!"

तिची हावड्याची लाँच कधीच सुटली होती. तुम्ही थांबलात कशा, असं मी विचारलं, तर तिला प्रश्नच कळला नाही. "जाती कैसे?" एवढं म्हणून तिने पिशवी उचलली आणि पुढची लाँच गाठायला धावली. नाव विचारायचं राहून गेलं. मुलगा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता.

आता अण्णा नाहीत. मुलगा बंगळुरूला असतो, आणि आम्ही निवृत्तीनंतर कोलकात्यातच, बेहाला भागात, छोटं घर घेऊन राहिलो. मुलाला पटेल असं उत्तर मला अजून देता येत नाही. नियम माणसांनी केले असतील. आमचा तर नक्कीच अण्णांच्या आजोबांनी केला होता. पण त्या बाईला थांबवणारं आणि माझी मान वळवणारं जे काही होतं, ते आम्ही दोघींनी ठरवलेलं नव्हतं. एकीचा देव माशाचा नैवेद्य घेतो, दुसरीचा मोदकाचा, आणि तरी त्या दुपारी दोघींना एकच गोष्ट करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यालाच मी देव म्हणते. त्याने आतून काही सांगितलं, की आता मी ऐकते, वाद घालत नाही. आणि त्या बाईसाठी रोज हात जोडते.

त्या दिवशी अण्णांना उठवायला मी वाकले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. नाव आठवलं नाही, पण भुवया उंचावल्या. "सूनबाई, मागे वळून पाहिलंस की काय गं?"

"हो, अण्णा."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. म्हणाले, "बरं केलंस."