कळवतो, साहेब

"मशीन बंद करू नका. आधी ऐका," असं म्हणून साहेब चालत्या मशीनवर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. सिल्वासातल्या आमच्या धाग्याच्या कंपनीत ते मेंटेनन्सचे प्रमुख होते. मी त्यांच्या हाताखालचा नवा इंजिनिअर. मिनिटभराने ते एका बेअरिंगवर बोट ठेवायचे. खराब तेच निघायचं.

माणसांचंही ते असंच ऐकत. त्यांच्या तालुक्यातले, धुळ्याकडचे कितीतरी कामगार जवळच्या आमली भागात खोल्या घेऊन राहायचे. रविवारी साहेब तिथे जाऊन बसत. कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या मुलीचा शाळेचा दाखला. एकदा सगळ्यांनी आग्रहच धरला, "गावाकडे तुम्हीच उभे राहा."

"अरे, मला भाषण कुठे येतं?"

"आम्हाले भाषण नको, साहेब."

साहेबांनी नोकरी सोडली, निवडणूक लढवली आणि आमदार झाले. आम्ही कंपनीत पेढे वाटले.

पुढे त्यांच्याच मतदारसंघात शाळेची नवी इमारत झाली. उद्घाटनाला गेलेले साहेब फीत न कापता जिन्याने गच्चीवर चढले, आणि खाली येऊन म्हणाले, "या स्लॅबखाली मुलं बसणार नाहीत." ठेकेदार त्यांच्याच पक्षाचा होता. स्लॅब पाडावा लागला. पुढच्या वेळी साहेबांचं तिकीट कापलं गेलं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, बरोबर वागून एकटा पडलेला. तो दारात आला तर काय करता?

साहेब माझ्या केबिनमध्ये आले, तेव्हा मी त्यांच्याच जुन्या खुर्चीवर होतो. मी गडबडून उठलो.

"बसा हो. मला काम हवंय. पद नको, शिफ्टला घेतलंत तरी चालेल."

मी मालकांकडे गेलो. "माजी आमदार? उद्या गेटवर युनियन उभी करेल," एवढंच ते म्हणाले. हा माणूस काय आहे ते मला सांगता आलं असतं. मला काम त्यांनी शिकवलं होतं. मी "बरं, सर" म्हणालो.

बाहेर येऊन साहेबांना म्हणालो, "कळवतो, साहेब."

"सावकाश कळवा. घाई नाही."

'नाही' म्हणायला फोन करण्याचं माझं धाडस झालं नाही. चार महिन्यांनी त्यांच्या गावाहूनच फोन आला. हृदयविकाराचा झटका, साहेब राहिले नाहीत.

मी गेलो तेव्हा वहिनी ओसरीत बसल्या होत्या. मला पाहून त्या आत गेल्या आणि एक खोकं घेऊन आल्या. त्यात नवेकोरे सेफ्टी शूज होते.

"तुमच्याकडून हे परत आले त्याच आठवड्यात घेतले," त्या म्हणाल्या. "रोज घरातल्या घरात घालून चालायचे. म्हणायचे, पहिल्या दिवशी चावायला नकोत."