अर्जाला जोडलेलं कात्रण

भूकंपानंतर लातुरात क्लासेसचं पीक आलं, तेव्हाची गोष्ट. आमच्या चिरंजीवांचे एकसष्ट टक्के घेऊन मी एका ट्रस्टकडे पूर्ण फीची शिष्यवृत्ती मागायला गेलो. गुणपत्रिका पाहून शिपायानं मला आधी पाणी दिलं.

बाकावर शेजारी चाकूरकडचे एक गृहस्थ होते. मुलीला ब्याण्णव टक्के, मेडिकलला नंबर लागलेला. ट्रस्टनं फी भरली तरच जाणार होती. अर्ज आदल्या दिवशीच परत आला होता आणि ते मांडीवरचं वर्तमानपत्राचं कात्रण तळहातानं सारखं सपाट करत होते. एका क्लासची जाहिरात, तीत मुलीचा फोटो, खाली ‘आमची विद्यार्थिनी, संपूर्ण खर्च क्लासतर्फे.’

"पोरगी त्या क्लासची पायरी बी चढली न्हाई, भाऊ. निकालादिशी जीप घेऊन आले, शाल घातली, फोटू नेला. पेपरात आलं म्हणून म्याच अर्जाला जोडलं. सायब म्हणले, खर्च तर क्लास करायलाय."

"मग तसं नाही म्हणून क्लासकडून लिहून आणा की," मी शहाणपणा केला.

"सकाळीच गेल्तो. म्हणले, आम्ही खोटं छापलं असं आम्हीच कसं लिहून देऊ?"

मी विचारलं, "मुलीला काय सांगणार?"

"मार्क कमी पडले म्हणतो." हात कात्रणावर फिरतच होता. "पटंल तिला. निकालादिशी बी रडत व्हती, आठ टक्के कुठं गेले म्हणून."