बारीक आवाजाचं रेकॉर्डिंग

माझ्या उस्तादांची बोटं सकाळच्या गोळीनंतर तासभर त्यांचं ऐकायची. मग उजवा हात थरथरू लागे आणि चहाचा कपसुद्धा ते डाव्या हाताने धरत. नंदुरबारात बँडमध्ये कीबोर्ड वाजवण्यात त्यांची उभी हयात गेली. किती मुलींची बिदाई त्यांच्या धुनेवर झाली, ते त्यांनाही सांगता येत नाही. आता त्यांच्या नातीचं लग्न ठरलं होतं. त्या दिवशी हात दगा देईल हे ओळखून त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "मन्ही धून कॉम्प्युटरमा भरी दे. पोरगी मन्हाच सूरवर जावाले पाहिजे."

मी शेतकऱ्याच्या घरातला, शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. बरीच वर्षं त्यांच्याकडे शिकूनही मला वाजवणं जेमतेमच आलं. पण कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी ठाम समजूत होती.

रविवारी त्यांच्या पुढच्या खोलीत मी लॅपटॉप मांडला. कीबोर्डची वायर आवाज लॅपटॉपला पोचवणाऱ्या एका छोट्या डबीत, डबीची वायर लॅपटॉपमध्ये. उस्तादांनी डोळे मिटले आणि वाजवायला घेतलं. तीन मिनिटं बोटं कुठेच अडली नाहीत. शेवटचा सूर त्यांनी इतका हळू सोडला की तो कधी विरला ते मला कळलं नाही. मग मी पडद्याकडे पाहिलं. जिथे आवाजाचे उंचवटे दिसायला हवे होते तिथे एक बारीक रेघ होती. लावून पाहिलं तर धून शेजारच्या गल्लीतून आल्यासारखी ऐकू आली.

"आवाज उना का?" त्यांनी विचारलं.

"उना, पन बारीक उना. एक डाव परत वाजाडा."

आणि ती फाइल मी पुसली. निकामी फाइल ठेवायची नाही, ही माझी सवय. मुलांनाही मी तेच शिकवतो.

मग माझी खटपट सुरू झाली. डबीवरचं बटण पूर्ण फिरवलं, तर धुनेपेक्षा सरसरच जास्त ऐकू यायला लागली. वायर बदलली. डबीतलं दुसरं भोक पाहिलं. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शिरून मिळेल ते वाढवलं. दर वेळी उस्ताद निमूट दोन ओळी वाजवून दाखवत, आणि मी ते पुसून टाकी. त्यांनी एकदाही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं नाही. मी मात्र सारखा पाहत होतो आणि घाईने आणखी गोंधळत होतो.

वायर जोडण्यापलीकडे त्यांच्या कीबोर्डला मी हात लावला नाही. शागिर्दाने उस्तादाच्या वाद्याला विचारल्याशिवाय शिवायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. शिवाय त्यावर जाड कापडाची खोळ होती. वरातीतली धूळ आत जाऊ नये म्हणून त्यांच्या बायकोने शिवलेली. फक्त पट्ट्या उघड्या, बाकी सगळं पिना लावून बंद. सगळे उपाय थकले तेव्हा मी भीत भीत विचारलं, "उस्ताद, तुमनं आवाजनं बटन कितलं शे?"

"त्याले मी कधी हात लावा नही. ते मशीनवालानं काम शे."

त्यांनी पिना काढल्या. आवाजाचं बटण जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर होतं आणि त्यावर चिकटपट्टी, धुळीने काळी पडलेली. वरातीत वाजवणाऱ्याने जोशात आवाज वाढवला की भोंगे फाटतात. म्हणून बँडचे भोंगे आणि त्यांचं मशीन सांभाळणाऱ्या मशीनवाल्याने ते कधीतरी कायमचं चिकटवून टाकलं होतं. वाजवणाऱ्याने बोटांचं पाहायचं, आवाज किती ठेवायचा ते मशीनवाल्याने, अशी बँडमधली रीत. उस्तादांनी ती घरातही पाळली होती.

पट्टी निघाली, बटण वर गेलं, पडदा उंचवट्यांनी भरला. उस्ताद वाजवायला बसले. पण तास उलटून गेला होता. अंगठा घसरत होता, करंगळी एकाच पट्टीवर दोनदा पडत होती आणि आता तर सगळं लख्ख ऐकू येत होतं. अर्ध्यात थांबून त्यांनी विचारलं, "पहिलं वाजाडेल शे ना?"

"नही," मी म्हणालो. "मी ते मिटाडी टाकं."

त्यांनी धून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली आणि तशीच, अडखळत, शेवटापर्यंत नेली.

बारीक आवाजातलं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरमध्ये सहज मोठं करता येतं, सरसरही काढता येते, हे मला त्याच आठवड्यात कळलं. मला माझी इतकी चीड आली की त्या दिवशी मी जेवलो नाही. पुढचे दोन रविवार पुन्हा गेलो, पण गोळीचा गुण आता तासभरही टिकत नव्हता.

लग्नात बिदाईच्या वेळी तेच अडखळतं रेकॉर्डिंग लावलं. उस्ताद मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसले होते, मी त्यांच्या मागे उभा. नात त्यांच्या गळ्यात पडून रडली आणि गाडीकडे निघाली. कोरीटहून आलेले एक पाहुणे माझ्याजवळ सरकले. त्यांच्या मुलीची बिदाई उस्तादांनीच वाजवली होती. ते मोठ्याने म्हणाले, "कोन वाजाडी ऱ्हायना हाई? नवा शिकेल दिसस."

उस्तादांची मान किंचित हलली. त्यांनी ऐकलं होतं.

"मी वाजाडं," मी म्हणालो.