‘तिकडे लोक राहतात’ : सुधाताई रामटेके यांच्या पंचाहत्तरीनिमित्त

सुधाताई रामटेके यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते शिकागोच्या आमच्या मराठी मंडळात, एका रविवारी दुपारी. नव्याने घर घेणाऱ्यांसाठी मंडळाने एका मराठी एजंटांना बोलावलं होतं. मला पुण्याहून येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, स्वतःला नोकरीची परवानगी नसलेली. एजंट पडद्यावर एकेक उपनगर दाखवत होते. कुठल्या शाळांचं रेटिंग चांगलं, कुठून देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूला किराण्यासाठी जायला सोपं, कुठे आपली बरीच कुटुंबं आहेत. मागच्या रांगेतून बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांच्या एक बाई उठल्या.

“निम्मं शहर तुमच्या नकाशात नाहीच,” त्या म्हणाल्या. “दक्षिणेचं काय? पश्चिमेचं काय?”

“ताई, तिकडे कोणी राहत नाही.”

“तिकडे लोक राहतात.”

“म्हणजे आपलं कोणी राहत नाही, असं म्हणायचं होतं मला.”

“ते समजलं मला,” असं म्हणून त्या खाली बसल्या.

चहाच्या वेळी त्यांच्याजवळ कोणी गेलं नाही. मी गेले, तेही समोसे त्या बाजूच्या टेबलावर होते म्हणून. त्यांनी विचारलं, दिवसभर काय करतेस? मी म्हटलं, काहीच नाही, वर्क परमिट नाही. “पगार देता येणार नाही, काम मात्र भरपूर देता येईल,” त्या म्हणाल्या आणि ऑफिसचा पत्ता सांगितला. त्या दिवसापासून आजपर्यंत मी तिथेच काम करते आहे. पुढे परमिट आलं, पगारही सुरू झाला. सुधाताईंचं कौतुकाचं वाक्य मात्र अजून यायचं आहे.

ऑफिस शहराच्या पश्चिमेला, एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. रंगामुळे ज्यांना भाड्याचं किंवा विकतचं घर नाकारलं जातं, त्यांच्या तक्रारी तिथे येतात. सुधाताई सत्तरच्या दशकात नागपूरहून समाजकार्य शिकायला आल्या, शिकता शिकता या संस्थेत आल्या आणि तिथेच राहिल्या. अखेरची कित्येक वर्षं त्या संचालक होत्या, पण जिना चढून वर आलेल्या माणसाला पाणी त्याच देत असत.

नव्या माणसाला कामाला लावण्याआधी त्या त्याला आपल्या जुन्या गाडीतून शहरभर फिरवत. मलाही नेलं. रेल्वेच्या एका पुलाखालून आम्ही पलीकडे गेलो आणि रस्त्याकडेची मोठी झाडं संपली. दुकानं संपली. मोकळे प्लॉट सुरू झाले. मी म्हटलं, “इथल्या लोकांनी निगा राखली नाही वाटतं.”

सुधाताईंनी गाडी कडेला घेतली. चिडल्या की त्या नागपुरी बोलतात. “काहून राखली नसन? विचारलंस कोणाला?” मग शांत होऊन त्यांनी जे सांगितलं, ते मी त्यानंतर शेकडो लोकांना त्यांच्याच शब्दांत सांगत आले आहे. तीसच्या दशकात सरकारने शहराशहरांचे नकाशे करून घेतले. काळे लोक राहतात ती वस्ती धोक्याची ठरवून लाल रंगवली. सरकार घरकर्जाला हमी द्यायचं, पण अशा वस्त्यांमध्ये ती मिळेना. हमी नाही म्हणून बँका कर्ज देईनात. कर्ज नाही म्हणून घरं दुरुस्त होईनात. त्याच वेळी बाहेर नवी उपनगरं उभी राहिली. तिथल्या घरांना सरकारची हमी होती, आणि ती घरं काळ्या माणसाला विकायची नाहीत अशी अट असली तरी सरकारला चालत होतं. उलट तेच त्याला पसंत होतं. साठच्या दशकाच्या शेवटी कायद्याने हे बंद केलं. “पण तोवर एकाच्या बापाचं घर झालं होतं, त्याची किंमत वाढली होती. दुसऱ्याच्या बापाला घर घेऊच दिलं नव्हतं,” सुधाताई म्हणाल्या. “कायदा बदलला, घरं होती तिथेच राहिली. आणि आपण नेमके त्याच सुमारास आलो, त्यांच्याच चळवळीमुळे आपल्याला व्हिसे मिळू लागले. मार खाल्ला त्यांनी, दार उघडलं त्यांनी, आत शिरलो आपण.”

हे त्या कोणाला लाजवण्यासाठी सांगत नसत. कंटाळलेल्या आवाजात सांगत, पुन्हा पुन्हा तेच सांगावं लागणाऱ्या माणसाच्या आवाजात.

ऑफिसमध्ये मिस लोरेटा होत्या. सुधाताईंहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, काळ्या, उंच आणि अतिशय टापटीप. त्यांचं लहानपणीचं घर हायवेसाठी सरकारने पाडलं आणि कुटुंबाला स्वस्त घरांच्या सरकारी टॉवरमध्ये जागा दिली. पुढे ते टॉवरही सरकारनेच पाडले. “दोन्ही वेळा म्हणाले की हे तुमच्या भल्यासाठी आहे,” एवढंच त्या सांगत.

तरुणपणी दोघी मिळून घरमालकांची तपासणी करत. जाहिरात आलेल्या फ्लॅटसाठी आधी एकीने जायचं, मग दुसरीने, आणि दोघींना काय उत्तर मिळालं ते ताडून बघायचं. अशा एका तपासणीची हकिकत सुधाताईंनी मला एकदाच सांगितली. मिस लोरेटांना मालक म्हणाला, “सॉरी, फ्लॅट कालच गेला.” थोड्या वेळाने सुधाताई गेल्या, तर त्याने हसून दार उघडलं, कपाटं दाखवली, खिडकीतून दिसणारं झाड दाखवलं.

खाली गाडीत मिस लोरेटा वाट पाहत होत्या. सुधाताई येऊन बसल्या, पण त्यांना किल्ली फिरवता येईना. त्यांचे वडील शाळामास्तर होते. बदलीच्या गावी खोली शोधताना लहानगी सुधा त्यांचं बोट धरून असायची. मालक खोली दाखवायचे, चहाही सांगायचे, मग विचारायचे, “आडनाव काय म्हणालात?” रामटेके म्हटल्यावर चहा यायचाच नाही. “अरेरे मास्तर, खोली कालच गेली हो.”

“तेच वाक्य गं, मनीषा,” सुधाताई मला म्हणाल्या. “फक्त या खेपेला मी आत होते आणि लोरेटा बाहेर. आणि मला क्षणभर बरं वाटलं होतं, त्याने झाड दाखवलं तेव्हा. त्याचंच रडू आलं.”

मिस लोरेटांनी तेव्हा त्यांना गाडीतून उतरवलं, स्वतः चालवायला बसल्या आणि म्हणाल्या, “रडून झालं की रिपोर्ट लिही.” ती केस त्या जिंकल्या.

सुधाताईंच्या मायेबद्दल लिहिलं तर त्या हे पान फाडतील, तरी लिहिते. माझी मुलगी झाली तेव्हा आईला व्हिसा मिळाला नाही. सुधाताई रोज ऑफिसला जाण्याआधी आमच्याकडे यायच्या. त्यांना स्वयंपाक येत नाही, हे मंडळात सर्वश्रुत आहे. मुगाची खिचडी कधी पातळ, कधी जळकी. पण त्या बाळाला घेऊन खिडकीशी बसायच्या आणि मला म्हणायच्या, “तू झोप, मी आहे.” ती झोप मी आयुष्यात विसरणार नाही.

आता त्या सभेबद्दल. गौरवग्रंथात हरल्याच्या गोष्टी सांगू नयेत असा संकेत आहे. पण सुधाताई काय आहेत हे मला त्या संध्याकाळी कळलं.

आम्ही राहतो त्या उपनगरात स्टेशनजवळ फर्निचरचं एक जुनं दुकान बंद पडलं होतं. तिथे अपार्टमेंट बांधायचा प्रस्ताव आला, त्यातली काही घरं कमी भाड्याची. गावात स्वतंत्र बंगल्यांशिवाय काही बांधायला खास परवानगी लागते, म्हणून जाहीर सभा ठेवली. विरोधकांमध्ये आमची मंडळी पुष्कळ होती. व्हॉट्सॲपवर निरोप फिरत होते : शाळा खराब होतील, ट्रॅफिक वाढेल, ‘तसले लोक’ येतील.

सभा शाळेच्या जिममध्ये होती. श्रीकांतराव बोलायला उठले. मंडळाचे माजी अध्यक्ष, मोठ्या कंपनीत मॅनेजर, अडीअडचणीला धावून जाणारा माणूस. ते म्हणाले, “आम्ही दोन सूटकेस घेऊन आलो. कष्ट केले, नियम पाळले, तेव्हा या गावात घर घेता आलं. जे कष्ट करत नाहीत, त्यांच्यासाठी हे गाव का बदलायचं?” टाळ्या पडल्या.

मागच्या बाकावर डेनीस बसली होती. मिस लोरेटांची मुलगी. ती त्याच शाळेत वर्गशिक्षिकेची मदतनीस होती. रोज अंधारात उठून दोन बस आणि एक ट्रेन बदलून यायची. त्या अपार्टमेंटमध्ये जागा मिळेल अशी तिला आशा होती. ती उठून म्हणाली, “मिस्टर श्रीकांत, आर्यनला वाचायला मी शिकवते आहे.”

आर्यन हा श्रीकांतरावांचा मुलगा. त्यांचा चेहरा उतरला. “ओह, डेनीस! तुमच्याबद्दल नाही बोललो मी.”

“मग कोणाबद्दल?” तिने विचारलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. श्रीकांतराव खाली बसले.

मग सुधाताई माइकपाशी गेल्या. त्या आमच्याच गावात राहत होत्या, समोर बसलेल्या निम्म्या लोकांना नावाने ओळखत होत्या. त्यांनी इंग्रजीत सांगितलं की हे गाव असं आपोआप झालेलं नाही. ही घरं उभी राहिली तेव्हा सरकारने कर्जांना हमी दिली आणि डेनीसच्या आजोबांना ती नाकारली. त्यांनी कष्ट केले होते, नियमही पाळले होते; नियमच त्यांच्याविरुद्ध लिहिलेला होता. एवढ्यात वेळ संपल्याची घंटा वाजली. सुधाताई मराठीकडे वळल्या आणि आमच्या रांगांकडे बघून म्हणाल्या, “आडनाव विचारून खोली नाकारणारे आपल्यातच होते. निदान इथे तरी तसं वागू नका.”

ज्यांना मराठी येत नव्हतं, ते आमच्या चेहऱ्यांकडे बघत होते.

प्रस्ताव फेटाळला गेला. पार्किंगमध्ये श्रीकांतरावांनी सुधाताईंना गाठलं. “ताई, चारचौघांत जात काढायची काय गरज होती? हा वेगळा विषय आहे.”

“श्रीकांत,” सुधाताई म्हणाल्या, “वेगळा असता तर मी एवढी थकले नसते.”

त्या वर्षी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचं निमंत्रण त्यांना गेलं नाही. कुणी ठरवून टाळलं असं नाही. राहून गेलं, असं सांगण्यात आलं. पुढच्याही वर्षी राहून गेलं. डेनीसने वर्षअखेर ती नोकरी सोडली आणि घराजवळ काम धरलं. आर्यन तिची आठवण काढतो, असं त्याच्या आईने मला एकदा किराण्याच्या रांगेत हळूच सांगितलं.

सुधाताईंनी प्रस्ताव सोडला नाही. बिल्डर बदलला, नकाशा बदलला, मजले कमी झाले. त्या प्रत्येक सभेला जात, तेच बोलत, घंटा वाजली की बसत. काही वर्षांनी एक छोटी इमारत मंजूर झाली. शेवटच्या सभेला श्रीकांतराव आले होते. ते बाजूनेही बोलले नाहीत आणि विरुद्धही नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. उद्घाटनाच्या दिवशी सुधाताई फुटपाथवर उभ्या होत्या. एक नर्स आपल्या दोन मुलांना घेऊन आत गेली. मी म्हटलं, “ताई, झालं बघा शेवटी.” त्या म्हणाल्या, “डेनीसला उशीर झाला.” मग म्हणाल्या, “पण या बाईला नाही झाला. चल, चहा पिऊ.”

मिस लोरेटा दोन वर्षांपूर्वी गेल्या. चर्चमध्ये बोलायला सुधाताईंना उभं केलं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि डेनीसने त्यांना हाताला धरून खाली बसवलं. गेल्या वर्षी संस्थेचं अनुदान आटलं, निम्मी माणसं कमी करावी लागली. निवृत्त झालेल्या सुधाताई परत येऊन फोनवर बसू लागल्या, बिनपगारी. फोन येतच असतात. आता मालक ‘कालच गेला’ असं म्हणत नाहीत; ईमेलला उत्तरच देत नाहीत. सुधाताई ऐकतात, नाव विचारतात, आणि म्हणतात, “पहिल्यापासून सांगा, मला घाई नाही.”

या ग्रंथासाठी लेख लिहू का, असं विचारायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “लिही. पण आपण जिंकलो असं लिहू नकोस. आणि हरलो असंही लिहू नकोस, पोरं यायची बंद होतील.” मी दोन्ही टाळलं आहे, ताई.

सुधाताईंना भरपूर आयुष्य लाभावं. गुडघ्यांनी जिन्यापुरती तरी साथ द्यावी, रात्री झोप लागावी, खिचडी कोणीतरी दुसऱ्याने करून वाढावी. निदान सोमवारी तरी त्यांनी घरी राहावं, अशी माझी सर्व सहकाऱ्यांच्या वतीने विनंती आहे. त्या ऐकणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून आम्ही वर्गणी काढून त्यांच्या ऑफिसातल्या खुर्चीसाठी नवी, जाड उशी आणली आहे.