चालू लिफ्टवरची पाटी

आमचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, पण त्यांचं निम्मं काम न बिघडलेल्या लिफ्टचं. दर महिन्याला चांगली चालू लिफ्ट बंद करायची, ‘देखभालीचं काम चालू आहे’ ही पाटी दारावर लटकवायची आणि दोर, ब्रेक तपासायचे. काम संपेपर्यंत पाटी काढायची नाही, हा त्यांचा नियम. एका इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या बाई गुडघे धरून जिना चढतात आणि बाबांचा उद्धार करतात. बाबा ढिम्म. ‘दोर तुटल्यावर येऊन मी काय करू, मावशी?’ एवढंच विचारतात.

यंदा आईला टीबी निघाला. तिचं औषध सुरू झालं, तसं दवाखान्यातल्या ताईंनी बाबांना आणि मलाही तपासलं. आम्हाला आजार नव्हता. तरी जंतू अंगात लपून पुढे कधीही डोकं वर काढू शकतात, म्हणून आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे गोळ्या घ्यायला सांगितलं. मी घेतल्या. बाबा मात्र उखडले. ‘धडधाकट माणसानं गोळ्या कशाला गिळायच्या?’ म्हणत त्यांनी पाकीट कपाटावर भिरकावलं.

 दुसऱ्या दिवशी बाबा जेवून आपल्या खुर्चीकडे वळले, तर खुर्चीच्या पाठीला त्यांचीच पाटी लटकत होती. बसायच्या जागी गोळ्या आणि पाण्याचा पेला.

‘खुर्ची तर चांगली आहे. मी बसू कुठे?’

‘जिन्यात,’ आई म्हणाली.

बाबांनी पाटी वाचली. मग उभ्यानंच गोळ्या गिळल्या आणि खुर्चीत बसले. पाटी मात्र त्यांनी काढली नाही. काम बारा आठवड्यांचं होतं.