पूर्णिमाच्या चोवीस पेट्या

पूर्णिमा आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची आणि दिवसभर पेट्या मारायची. म्हणजे कॉम्प्युटरवर. कोल्हापूरपासून शिरोळकडच्या तिच्या गावापर्यंत, नदीकाठाने, तिने खांबांवर चोवीस पेट्या बसवल्या होत्या. इथून बटण दाबलं की पुराचा इशारा बिनतारी, एका पेटीकडून दुसरीकडे जात, शेवटी तिच्या वडिलांच्या छपरावरचा भोंगा वाजवणार. मधल्या पेट्या बंद पडल्या तर काय, हे ती पडद्यावर तपासायची. कधी दोन मारायची, कधी पाच, कधी दोन पेट्यांमधला संपर्कच तोडायची.

"अगं, किती जीव घेशील बिचाऱ्यांचे?" मी चिडवायचो.

"सहा मेल्या तरी निरोप पोचतोय, सर!" ती ऐटीत म्हणायची. तिची ऐट मला आवडायची, खोटं कशाला बोलू.

वडील आकाराम, गावाचे तात्या. बायको गेल्यापासून घरात ते आणि दोन म्हशी. लेकीच्या भोंग्याचं त्यांना भारी कौतुक.

त्या ऑगस्टात पाणी चढलं, रस्ते बंद झाले, तात्यांचा फोन लागेना. दुपारी पूर्णिमाने बटण दाबलं. भोंगा वाजल्याची खूण काही पडद्यावर उमटली नाही. अकरा पेट्यांचे ठिपके काळे होते, सगळे ओळीने. तिथवर तर पाणी पोचलंही नव्हतं. मधल्या एका गावात पेटी सांभाळणाऱ्या केरबाचा फोन एकदाचा लागला.

"बाई, काळजी करू नगा," तो ओरडला. "पेटी भिजाया लागलीती, म्हणून काढून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलिया. काठावरच्या समद्यांस्नी बी तसंच सांगितलंय की! तुम्हीच म्हणाला हुता, पोटच्या पोरागत जपा."

पेट्या पावसासाठीच बनवल्या होत्या. एवढंच सांगायचं राहिलं होतं. मला संताप आला, पण काढणार कुणावर? तिच्या हिशेबात पेट्या कुठेही, एकेकट्या मरत होत्या. माणसं एकजुटीने त्यांना जपतील, हे तिच्याच काय, माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

"काका, पाया पडते, परत बांधा," ती रडत होती. केरबा भर पावसात खांबावर चढला. चारला त्याची पेटी हिरवी झाली. मग आणखी काही. आम्ही देव पाण्यात घालून बसलो. पण शेवटच्या तीन पेट्या ज्यांच्या घरात होत्या, ती माणसं कुलपं लावून निघून गेली होती. पूर्णिमा अंधार पडेपर्यंत बटण दाबत राहिली.

तात्या तिसऱ्या दिवशी सापडले.

शेजारची बनाबाई छावणीत भेटली. "बोटवाल्यांनी दोनदा हाका मारल्या गं," ती म्हणाली. "तात्या जाग्यावरनं हलंनात. म्हणालं, लेकीचा भोंगा वाजला न्हाय, म्हंजे पाणी आणखी चढत न्हाय. ती सांगंल तवा उठतो."

पूर्णिमाने विचारलं, "दुसरी हाक कधी मारली?"

"साडेचार झालं असतील."

"मी सांगतच होते की, मावशी," पूर्णिमा म्हणाली. "साडेचारला सांगतच होते."